बीएसईच्या (मुंबई शेअर बाजाराच्या) संकेतस्थळावरची कंपन्यांची निवेदनं

ही सोय फुकट आहे आणि खरंच कामाची आहे. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या २०२३ च्या नियमदुरुस्तीमुळे वरिष्ठ अधिकाऱ्याचं राजीनामापत्र, सविस्तर कारणांसह, राजीनामा लागू झाल्यापासून ७ दिवसांत कंपनीला शेअर बाजाराकडे द्यावं लागतं.

पण पत्र उघडलं की जीव जळतो. माझे शेअर असलेल्या एका कंपनीच्या अर्थप्रमुखांचं पत्र दोन ओळींचं: ‘वैयक्तिक कारणास्तव’, खाली सही. तेही तिमाही निकालांच्या तोंडावर! घरचं आजारपण असेल तर त्याचा तपशील मला नकोच; हिशेबावरून मतभेद होते का, एवढं सांगा. आमच्या सदाशिव पेठेत कितीतरी जणांनी निवृत्तीचे पैसे शेअर्समध्ये घातलेत. हल्ली शेअर घेण्याआधी मी त्या कंपनीची जुनी राजीनामापत्रं इथेच वाचून काढते.