खिचडीला पैकीच्या पैकी, किटला निम्मेच

कोल्हापुरातल्या एका चर्चची मंडळी दर बुधवारी आणि शनिवारी रात्री बेघरांना जेवण वाटते. रेल्वे स्टेशन, सीबीएस म्हणजे मध्यवर्ती बसस्थानक, व्हीनस कॉर्नर, दसरा चौक आणि शेवटी सीपीआर हे सरकारी रुग्णालय, असा गाडीचा मार्ग. अन्नदान करणाऱ्यांना कोल्हापुरात तोटा नाही. अंबाबाईच्या आसपास दुपारचं काही ना काही मिळून जातं. अडचण असते ती रात्रीची, आणि देवळापर्यंत चालवत नाही त्यांची. ही गाडी त्यांच्यापर्यंत जाते.

आधी जेवणाचं बोलू, कारण तिथं नाव ठेवायला जागा नाही. १०० पाकिटांना ८ किलो तांदूळ, ४ किलो मूगडाळ, ३ किलो दुधी-गाजर-बटाटा, दीड लिटर तेल आणि ४५० ग्रॅमच्या आसपास मीठ. पाणी ४० लिटर, तेही दुसऱ्या शेगडीवर उकळून मगच टोपात. एवढ्या मोठ्या टोपात गार पाणी ओतलं की उकळी मोडते, वर तांदूळ कच्चा राहतो आणि तळाला खिचडी लागते. लागलेला एक थर सगळ्या टोपाला वास देतो. खिचडी बसली की घट्ट होते, म्हणून पाकिटं भरताना सैल करायला चार लिटर उकळतं पाणी बाजूला ठेवलेलं असतं. पाकीट साधारण अर्ध्या किलोचं भरतं. दात नसलेल्या म्हाताऱ्यालाही ते संपवता येतं.

तिखट बेताचंच. कांदा-लसूण चटणीची पुडी वेगळी देतात, तीही विचारून: “मामा, चटणी देऊ का?” दिवसभर रिकामं पोट आणि तंबाखू-मिश्रीनं सोललेलं तोंड असेल तर झणझणीत घास आत जात नाही. गावची ख्याती काहीही असो. बुधवारी सोबत उकडलेलं अंडं असतं, सालासकट. सोललेल्या अंड्याला दहा हात लागतात, सालाचं अंडं खिशातही राहतं. शनिवारी अंडं दिलं तर मारुतीचा वार म्हणून बरेच जण परत करतात; त्या दिवशी केळं मिळतं.

चपाती बंद केली, तेही बरंच झालं. गरम चपात्या सिल्व्हर पाउचमध्ये कोंबल्या की घाम धरतात आणि तासाभरात त्यांचा गोळा होतो. द्यायच्याच असतील तर कापडावर पसरून दहा-पंधरा मिनिटं वाफ जाऊ द्यावी, मग कागदात गुंडाळाव्यात. पाउचला इथं स्टेपलर मारत नाहीत, तोंड दोनदा दुमडतात. पिन खिचडीत पडली तर फुटपाथच्या अंधारात कुणाला दिसणार?

कसर राहते ती वेळेत. टोप साडेसहाला उतरतो, सीपीआरला गाडी सव्वानऊला पोचते. शिजलेला भात ६० अंशांच्या वर राहिला पाहिजे. कोमट झाला की त्यात जंतू वाढतात, आणि ते भाताला वास येण्याच्या आधीच पोट बिघडवतात. इथं सगळी पाकिटं एकाच मोठ्या थर्माकोलच्या बॉक्समध्ये असतात. स्टेशनवर त्याचं झाकण वीस मिनिटं उघडंच राहतं, त्यामुळे शेवटच्या थांब्यावर खिचडी कोमट लागते. दोन लहान बॉक्स करावेत आणि दुसरा दसरा चौकापर्यंत उघडूच नये. खर्च काही फार नाही.

वाटपाची पद्धत मात्र शिकण्यासारखी. गाडी थांबायच्या आधी दोघे जण दहा पाकिटं घेऊन पुढे चालत जातात, कारण ज्याला उठवत नाही त्याला रांगेत काहीच मिळत नाही. प्यालेला माणूस रांगेत हुज्जत घालायला लागला तर त्याला आधी, बाजूला बसवून देतात. रांग मोडल्याची तक्रार होते, पण मारामारी टळते. दुसरं पाकीट पहिली फेरी संपल्यावरच. निघताना पाउच, साली, पुड्या पोत्यात भरून नेतात. हे केलं नाही तर दुसऱ्या दिवशी दुकानदार त्या लोकांनाच तिथून हुसकावतात.

लोक हमखास विचारतात ते सांगून टाकतो: जेवणाआधी प्रार्थना करावी लागत नाही. मंडळीची प्रार्थना चर्चमध्ये, गाडी निघायच्या आधी होते. रांगेत पत्रकं वाटत नाहीत, नाव-जातही विचारत नाहीत.

आता मंडळी जेवणाखेरीज देते ते वस्तूंचं किट. साबण, टूथपेस्ट, कंगवा, टॉवेल, ब्लँकेट असं वर्षभर एकच ठरलेलं. डिसेंबरात ठीक आहे, पण जून ते सप्टेंबर कोल्हापूरच्या पावसात जाड ब्लँकेट एकदा भिजलं की वाळत नाही. कुबट वास मारतं आणि चार दिवसांत गटारात जातं. पावसाळ्यात सहा बाय चारचं मेणकापड आणि पातळ सुती चादर द्यावी. दोन्हीची घडी पिशवीत मावते. दिवसा सामान ठेवायला जागा नसलेल्या माणसाला जे काखेत मारून नेता येत नाही, ते त्याचं राहत नाही. चपला रबरी हव्यात, ७ ते ९ नंबरच्या जास्त. कोल्हापुरी दिल्याचंही पाहण्यात आहे. पाण्यात चामडं फुगतं आणि शिवण सुटते. आतले कपडे आणि सॅनिटरी पॅड किटमध्ये नाहीत, ही मोठी चूक. हे कुणी मागत नाही, कारण मागायची लाज वाटते. पॅड महिला स्वयंसेवकानं काळ्या पिशवीत, रांगेबाहेर द्यावेत.

महापालिकेच्या निवारा केंद्राची माहितीही गाडीवर नसते. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांप्रमाणे शहरात लाख वस्तीमागे किमान १०० जणांच्या निवाऱ्याची सोय हवी. २०११ च्या जनगणनेत शहराची वस्ती ५,४९,२३६ होती, म्हणजे साडेपाचशेच्या आसपास जागा. पत्ता आणि वेळ लिहिलेली चिठ्ठी पाकिटाबरोबर दिली तरी चालेल. वाचता येत नसेल तर रिक्षावाल्याला दाखवता येते.

मदत करायची असेल तर तांदूळ, मूगडाळ, तेल द्या. घरचं शिजवून नेऊ नका, ते घेत नाहीत. लग्नातलं उरलेलं घेतात, पण ताटात न वाढलेलं, शिजून चार तास न झालेलं, आणि दुपारी तीनच्या आत कळवलेलं. ओल्या खोबऱ्याची चटणी आणि दह्याचं काहीही सरळ परत येतं. जुने कपडे धुऊन, पुरुषांचे-बायकांचे वेगळे बांधून द्या. साड्यांचे गठ्ठे तिथं आधीच पडून आहेत. कमी पडतात त्या पुरुषांच्या पँट, नाडीच्या.