मानेवाड्याचे प्लंबर भाऊ, काम एक नंबर
वरच्या माळ्यावर दोन नवीन बाथरूम काढले अन् पाण्याची धारच गेली, खाली कोणी बादली लावली की वर शॉवरमधून नुसतं टपटप, आई डोक्याला शाम्पू लावून तशीच थांबून राहायची. मी सरळ प्रेशर पंप घ्यायलाच निघालो होतो पण भाऊ म्हणाले थांबा जी, आधी लाइन पाहू. टाकीतून उतरणारा मेन पाइप पाऊण इंची, त्यावर आता चार बाथरूम अन् किचन! त्यांनी दीड इंची सीपीव्हीसी (प्लास्टिकचा) पाइप टाकला, बाथरूमला वेगवेगळे व्हॉल्व्ह दिले, टाकीजवळ लाइनमधली हवा निघायला एअर पाइप उभा केला. खालचं काम तिथंच झालं, पंप लागलाच नाही. वर मात्र टाकीचा तळ शॉवरपेक्षा जेमतेम 5 फूट उंच, अन् 10 फूट उंचीला 0.3 बारच (बार म्हणजे प्रेशरचं माप) प्रेशर मिळतं, म्हणून वरच्यापुरता अर्धा एचपीचा पंप बसवला, तोही टाकीनंतर. कॉर्पोरेशनच्या नळाला टिल्लू पंप लावायला त्यांनी साफ नाही म्हटलं, मनाई आहे अन् शेजाऱ्यांचं पाणी ओढल्या जाते, हे मला फार पटलं. दोन दिवस धूळ झाली पण टाइल एकही फुटली नाही. गिझरची लाइनही तेव्हाच बदलून घ्या.