ग्रूट कॉन्स्टॅन्शिया: नेपोलियनची वाईन चाखली राव!

केपटाऊनला गेलात आणि वाईनची जरा जरी आवड असेल तर ग्रूट कॉन्स्टॅन्शिया चुकवू नका. १६८५ ची इस्टेट आहे, म्हणजे आपल्याकडे संभाजी महाराजांचा काळ चालू होता तेव्हा इथे डच गव्हर्नर सायमन व्हॅन डर स्टेलला ही जमीन मिळाली आणि त्याने द्राक्षं लावली. १७७८ मध्ये क्लूटे घराण्याने घेतली आणि मग इथली गोड वाईन युरोपात एवढी गाजली की सेंट हेलेना बेटावर कैदेत असलेला नेपोलियनसुद्धा हीच मागवायचा. नंतर धंदा बसला, १८८५ ला सरकारने विकत घेतली. १९२५ मध्ये मोठं घर जळालं, आत्ता दिसतं ते परत बांधलेलं आहे, पण १७९१ च्या सेलरवरचं (वाईन साठवायच्या इमारतीवरचं) कोरीवकाम मूळचं, तिथे मान वर करून थोडं थांबाच. म्युझियममध्ये इथे राबलेल्या गुलामांबद्दलही आहे, ते वाचल्यावर समोरची सुंदर पांढरी भिंत जरा वेगळीच दिसते.

आता मुद्द्याचं. ग्रँड कॉन्स्टॅन्स, मस्कॅट जातीच्या द्राक्षाची, वेलीवरच सुकत आलेल्या द्राक्षांची गोड वाईन. मला वाटलं पाक असेल नुसता, पण नाही, जर्दाळू, संत्र्याची साल, मध आणि शेवटी मस्त आंबटपणा, त्यामुळे जिभेला चिकटत नाही. पिनोटाज ही इथली रेड वाईन ठीक, मला धुरकट लागली. बायको म्हणाली चॉकलेटबरोबर घे, घेतली, तर खरंच बरी लागली!