गंजनामा आधी, बिसोतून नंतर

पश्चिम इराणमध्ये हखामनी (प्राचीन इराणी घराण्यातल्या) राजांचे शिलालेख बघायला जाणार असाल तर क्रम हाच ठेवा. बिसोतून आकाराने मोठा, नावानेही मोठा, पण तो लांबूनच बघावा लागतो. गंजनाम्यात अक्षरं डोळ्यांसमोर असतात.

गंजनामा हमदान शहराच्या नैर्ऋत्येला, अलवंद डोंगरात, धबधब्याशेजारी आहे. ग्रॅनाइटच्या कातळात दोन चौकटी कोरल्यात: डावीकडची पहिल्या दारियसची, उजवीकडची त्याचा मुलगा झर्क्सिसची. प्रत्येकीत तीन स्तंभ, प्रत्येकी २० ओळी. डावा स्तंभ जुन्या फारसीचा, बाकीचे एलामी आणि बॅबिलोनी. तिन्ही भाषांची अक्षरं पाचरीच्या आकाराच्या खुणांची आहेत; जुनी फारसी ओळखायची खूण म्हणजे दोन शब्दांमधली एकटी तिरकी पाचर. ती शोधा, मग शब्द सुटे दिसायला लागतात. लेखाचं लिप्यंतर छापून सोबत न्याच. 'इमाम् बूमिम् अदा', म्हणजे ही भूमी निर्माण केली. पुढे 'अस्मानम्' म्हणजे आकाश, मग 'मर्तियम्' म्हणजे माणूस. अस्मानी संकट म्हणणाऱ्या मराठी माणसाला यातलं किती परकं वाटेल? ठिकाणाच्या नावातला 'नामा'सुद्धा आपल्या जाहीरनाम्यातलाच. लेखात खजिन्याचा पत्ता दडलाय अशी समजूत होती, त्यावरून हे नाव पडलं.

दोन्ही लेखांचा मजकूर जवळपास सारखा आहे, फरक मुख्यतः राजाच्या आणि बापाच्या नावात. ब्रिटिश अधिकारी हेन्री रॉलिन्सनने १८३५मध्ये हे लेख उतरवून घेतले, आणि हाच फरक त्याला लिपी उलगडताना कामी आला. म्हणून दोन्ही चौकटी ओळीला ओळ लावून बघा. तासभर सहज जातो.

ऊन तिरपं असताना जा. भर दुपारी पाचरींच्या खाचांत सावली पडत नाही आणि सगळा दगड सपाट दिसतो; फोटोही फसतात. शुक्रवार टाळा, सुट्टीची गर्दी धबधब्यावर असते. हिवाळ्यात बर्फ असतं, घट्ट पकडीचे बूट हवेत. पैसे रोखच न्या, परदेशी बँकेचं कार्ड इराणमध्ये चालत नाही. गंजनाम्याला पाचपैकी साडेचार. अर्धा गुण त्या गर्दीच्या गोंगाटाचा कापला.

हमदानहून केरमानशाहला जाताना, शहराच्या साधारण ३० किलोमीटर अलीकडे बिसोतून लागतं. २००६पासून हे जागतिक वारसास्थळ आहे. इथे दुर्बीण नसेल तर फेरी निम्मी वाया गेली असं समजा. दारियसचा लेख उभ्या कड्यावर फार उंच आहे, आणि काम संपल्यावर कारागिरांनी खालची वाट तासून टाकली, म्हणजे कुणी हात लावू नये. माणसांपासून तो बराच वाचला, पाण्यापासून नाही: दगड चुनखडीचा, भेगांतून झिरपलेल्या पाण्याने बरीच अक्षरं खाल्ली आहेत. जुन्या फारसीतल्या ४१४ ओळी खालून वाचायची आशा धरू नका, शिल्पावर वेळ द्या. दारियसच्या पायाखाली गौमात, म्हणजे गादीवर हक्क सांगणारा त्याचा प्रतिस्पर्धी; समोर गळ्यात दोर बांधलेले नऊ बंडखोर. रांगेतला शेवटचा, उंच टोकदार टोपीचा, शक राजा स्कुंखा. तो मागाहून कोरला. त्याला जागा करण्यासाठी एलामी मजकुराचा काही भाग छाटला गेला, आणि तो अख्खा मजकूर डावीकडे खाली नव्याने कोरावा लागला. दुर्बीण आधी त्या टोपीवर धरा. तिच्याभोवती छाटलेल्या ओळींच्या कडा दिसतात का बघा.