आठ महिने एका लर्निंग ॲपसोबत: पैसे भरले, धडा उतरवला, पण तो माझ्याकडे राहिला का?

फेब्रुवारीत फोनचं चार्जिंग पोर्ट गेलं. दुकानदाराने बोर्डच बदलायला लावला. फोन हातात आला तेव्हा नंबर तोच, कव्हर तेच, मेमरी कार्डही तेच होतं. ॲपच्या लेखी मात्र ते तिसरं उपकरण होतं. घरचा लॅपटॉप एक, दुरुस्तीआधीचा माझा फोन दोन, आणि दुरुस्त होऊन आलेला तोच फोन तीन. वर्षाचे १४,९९९ रुपये एकरकमी भरून घेतलेला पायथन (प्रोग्रॅमिंगची भाषा) आणि डेटा ॲनालिटिक्सचा कोर्स त्या क्षणी बंद झाला. पडद्यावर एकच ओळ: उपकरणांची मर्यादा संपली आहे.

तो उघडायला २३ दिवस लागले.

ॲपचं नाव लिहीत नाही, कारण मला उपकरणांच्या आणि डाउनलोडच्या अटींबद्दल बोलायचं आहे. बाकी फीचर्स सगळ्यांना माहीत आहेत: लाइव्ह क्लास, रेकॉर्डिंग, क्विझ, शंका विचारायला एआय, शेवटी प्रमाणपत्र. त्यात नवं काही नाही.

आधी माझी परिस्थिती सांगते, नाहीतर मी एकाच गोष्टीला का धरून बसले आहे ते कळणार नाही. मी नाशिकरोडहून पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला जाते. पासधारक, हिशेब विभागात नोकरी. घरी पोचल्यावर स्वयंपाक, मुलाचा अभ्यास, सासूबाईंची औषधं. अभ्यासाला वेळ मिळतो तो फक्त गाडीत. आणि गाडीतला सर्वांत शांत वेळ म्हणजे इगतपुरी ते कसारा. घाट, बोगदे, नेटवर्क शून्य. कुणाचा फोन येत नाही, ऑफिसच्या ग्रुपवर काही पडत नाही. म्हणून मला डाउनलोड लागतो. ज्यांच्या घरी वायफाय आहे आणि जे टेबलाशी बसून शिकतात त्यांना ही बाब दहाव्या-बाराव्या क्रमांकाची वाटेल. मला ती पहिल्या क्रमांकाची आहे.

ॲपमध्ये डाउनलोड होतं. घेताना मी विचारूनही घेतलं होतं. फोनवरच्या मुलाने सांगितलं, ‘हो मॅडम, सगळे धडे ऑफलाइन बघता येतील.’ त्याने खोटं सांगितलं असं मी म्हणत नाही. दर सात दिवसांनी ॲप ऑनलाइन येऊन पडताळणी मागतं, एवढं त्याने सांगितलं नाही. पहिल्यांदा हे कळलं ते घाटातच. लूपवरचा, म्हणजे तीच सूचना पुन्हा पुन्हा चालवण्यावरचा, धडा उघडला आणि पडद्यावर चाक फिरत राहिलं. बोगदा संपला, दुसरा सुरू झाला, चाक फिरतच होतं. कल्याण जवळ आलं तेव्हा धडा उघडला आणि तोवर डबा भरून गेला होता. नंतर मी रविवारी रात्री आठवणीने ॲप उघडून ठेवायची सवय लावली. पण माझे पैसे भरून झालेले, धडा माझ्या फोनमध्ये, आणि तो बघायची परवानगी मी दर आठवड्याला मागायची, हे मला आजही पटलेलं नाही.

हे इतकं लागण्यामागे घरचं एक कारण आहे. माझ्या आईने लग्नानंतर यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलं. विद्यापीठ १९८९ साली नाशिकमध्ये सुरू झालं, ब्रीदवाक्य ‘ज्ञानगंगा घरोघरी’. पुस्तकं घरी आली. प्रत्येक घटकाच्या शेवटी स्वयंअध्ययनाचे प्रश्न, रविवारी अभ्यासकेंद्रावर संपर्कसत्र. आई धुणं वाळत घालून आली की ओट्याशेजारी स्टुलावर पुस्तक उघडायची. ती पुस्तकं अजून कपाटात आहेत. समासात तिच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत. मी कॉलेजात असताना तीच पुस्तकं घेऊन मराठीची तयारी केली. एकदा पैसे भरले आणि पुस्तक घरात राहिलं. माझ्या ॲपमधल्या नोंदी मात्र २३ दिवस मला दिसल्यासुद्धा नाहीत.

त्याआधीचा काळ उलटा होता. १५ ऑगस्ट १९८४ पासून दूरदर्शनवर विद्यापीठ अनुदान आयोगाचा (यूजीसी) ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ हा कार्यक्रम लागायचा. छान शिकवायचे, पण वीज गेली की धडा गेला. तो परत मागता येत नव्हता. दूरशिक्षणाचा पुढचा सगळा प्रवास मला याच एका प्रश्नातून दिसतो: शिकवून झाल्यावर धडा कुणाकडे राहतो? २००१ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाने आपल्या अभ्यासक्रमांचं साहित्य इंटरनेटवर मोफत खुलं करायचं जाहीर केलं, तेव्हा उत्तर स्पष्ट होतं: ज्याला हवं त्याच्याकडे. आपल्याकडे २००३ मध्ये सात आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था (आयआयएस्सी) यांनी मिळून एनपीटेल हा मोफत ऑनलाइन धड्यांचा उपक्रम सुरू केला, त्यातही तीच वृत्ती. २०११ च्या शरदात स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या, सेबॅस्टियन थ्रन आणि पीटर नॉर्व्हिग यांच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोफत ऑनलाइन कोर्सला सुमारे १,६०,००० जणांनी नाव नोंदवलं. पुढच्याच वर्षी कोर्सेरा आणि एडएक्स ही ऑनलाइन कोर्सची संकेतस्थळं आली. तिथून शिकणाऱ्यांची संख्या लाखांत मोजण्यासारखी झाली आणि त्यामागोमाग वर्गणी आली. वर्गणीला माझी हरकत नाही. शिकवणाऱ्याला पैसे मिळालेच पाहिजेत. हरकत आहे ती पैसे घेऊनही कुलूप लावण्याला.

आता भांडणाबद्दल, कारण ते कुणाच्या तरी कामी येईल. पहिले सहा दिवस चॅटवरचं यंत्र मला ‘ॲप काढून पुन्हा टाका’ हेच सांगत राहिलं. मी चार वेळा काढून पुन्हा टाकलं. मग ईमेल केले, त्यांना तक्रार क्रमांक मिळाले, उत्तर नाही. बाराव्या दिवशी ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने सांगितलं की, ऑनलाइन सेवा विकणाऱ्यांना ग्राहक संरक्षणाच्या २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रार अधिकारी नेमावा लागतो. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात. ॲपच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरात त्या अधिकाऱ्याचा ईमेल सापडला. पावती, दुरुस्तीचं बिल, पडद्याचे फोटो जोडून लिहिलं. पोच आली, पण काम हललं नाही. एकोणिसाव्या दिवशी मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ वर, तक्रार नोंदवली. चार दिवसांनी खातं उघडलं. मुदत २३ दिवसांनी वाढवून दिली.

मी हिशेबातली बाई, म्हणून हिशेब केला. १४,९९९ भागिले ३६५ म्हणजे दिवसाला ४१ रुपये ९ पैसे. २३ दिवसांचे ९४५. हा आकडा लक्षात ठेवा, तो पुढे येईल.

एक गोष्ट मात्र मी सुरुवातीलाच बरोबर केली होती. नूतनीकरणासाठी आपोआप पैसे कापायची परवानगी दिली नव्हती. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने एड-टेक (ऑनलाइन शिक्षण विकणाऱ्या) कंपन्यांबाबत पालकांना सूचना काढली होती, त्यात ऑटो-डेबिट टाळा असं स्पष्ट लिहिलेलं होतं. तेव्हा मुलासाठी वाचलेलं, माझ्या कामी आलं. घेणाऱ्यांनी ते आजही पाळावं.

इथवरचा मजकूर मी एप्रिलच्या सुरुवातीला रागात लिहून ठेवला होता आणि ॲपला एक तारा द्यायचा ठरवलं होतं. आज जुलै आहे. मत थोडं बदललं आहे, दोन्ही बाजूंनी.

बंद असलेल्या दिवसांत मी रिकामी बसले नाही. जानेवारीतच एनपीटेलवर आयआयटी रोपडचा ‘द जॉय ऑफ कॉम्प्युटिंग युझिंग पायथन’ हा बारा आठवड्यांचा कोर्स नोंदवून ठेवला होता. नोंदणी मोफत. व्हिडिओ मेमरी कार्डवर उतरवलेले होते. फोनचा बोर्ड बदलला, कार्ड नव्या बोर्डात घातलं, फाइली जिथल्या तिथे. त्या सोमवारी इगतपुरी सुटल्यावर मी तिसऱ्या आठवड्याचा धडा लावला आणि तो कुणाला काही न विचारता सुरू झाला. मला अक्षरशः भरून आलं. इतक्या साध्या गोष्टीने.

शिवाय तिथे तारीख असते. दर आठवड्याची असाइनमेंट ठरलेल्या तारखेच्या आत द्यायची, बारांपैकी उत्तम आठ धरतात, त्याचे २५ गुण. केंद्रावर जाऊन दिलेल्या परीक्षेचे ७५. दोन्हीकडे किमान गुण मिळाले तरच प्रमाणपत्र. परीक्षेची फी १,००० रुपये. माझ्या बंद पडलेल्या २३ दिवसांची किंमत ९४५. पंचावन्न रुपयांचा फरक. हा हिशेब मी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत चौघींना सांगितला, त्यातल्या दोघी जुलैच्या सत्राला बसल्या आहेत.

एप्रिलमध्ये परीक्षा दिली. ६८ आले, ‘एलिट’ प्रमाणपत्र मिळालं. त्रेचाळिसाव्या वर्षी हॉलतिकीट आणि आधार कार्ड घेऊन रांगेत उभी राहिले. पुढे-मागे माझ्या भाच्यांच्या वयाची मुलं.

आता ॲपच्या बाजूने. परीक्षेच्या आधीचे तीन आठवडे मला ज्याने तारलं तो त्याच ॲपवरचा शनिवारचा मराठी शंकावर्ग. पायथनमधल्या डिक्शनरी आणि लिस्ट या माहिती ठेवायच्या दोन प्रकारांतला फरक मी इंग्रजीतून तीनदा ऐकला होता. त्या शिक्षिकेने सांगितलं, ‘लिस्ट म्हणजे रेशनची रांग, कितव्या नंबरवर कोण ते विचारायचं. डिक्शनरी म्हणजे खातेवही, नावावरून पान काढायचं.’ मी वीस वर्षं खातेवही बघते आहे. एका वाक्यात बसलं. आपल्या भाषेत, आपल्या कामातल्या वस्तूने शिकवणारं माणूस समोर असणं याला पर्याय नाही, आणि त्यासाठी पैसे देणं योग्य आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात सुमारे दहा मिनिटांचे, मराठीत ध्वनिमुद्रित केलेले धडे मोफत आहेत. सुरुवात करणाऱ्याने आधी तिकडे जावं. पण तिथे शनिवारी शंका विचारायला त्या बाई नाहीत.

एआयबद्दल माझं मत उलट्या दिशेने गेलं. डिसेंबरात मी सगळ्यांना सांगत होते की हे ॲप घ्याच, रात्री अकराला शंका विचारली तरी उत्तर मिळतं. परीक्षेत ‘या कोडचं आउटपुट काय’ असे प्रश्न आले आणि लूपच्या आत लूप आला की माझा हात अडायला लागला. कारण समजायला वेळ लागला नाही. सरावात मी अडले की एआय सहायकाला विचारत होते आणि तो पूर्ण कोड लिहून देत होता. मी वाचून ‘कळलं’ म्हणत होते. कळलेलं नव्हतं. मोफत ऑनलाइन धडे देणाऱ्या खान अकॅडमीने २०२३ मध्ये आपला एआय शिक्षक आणला तेव्हा तो थेट उत्तर न देता उलट प्रश्न विचारेल असा बेत ठेवला होता. आज प्रत्येक ॲप एआय जोडतं आहे, त्यात हा एकच फरक तपासावा: अडल्यावर ते उत्तर देतं की विचारतं? आमच्या ॲपला मे महिन्यात अपडेट आलं, त्यात ‘फक्त इशारा द्या’ असं बटण आहे. मी ते कायम चालू ठेवते. त्यासाठी एक तारा वाढवला.

पुन्हा डाउनलोडवर येते, कारण खरा प्रश्न माझ्यासारख्या पगारदार बाईचा नाहीच. २०२० च्या टाळेबंदीत कोकणातली आणि सह्याद्रीतल्या वाड्यांवरची मुलं रेंजसाठी टेकडीवर जाऊन बसत होती, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. त्याच वर्षी माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या शाळेचे रणजितसिंह डिसले गुरुजी यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड घालण्याचं त्यांचं काम मला फार मोठं वाटतं, कारण त्यात पुस्तक मुलाच्या हातातच राहतं, नेट असेल तेव्हा धडा त्याला जोडला जातो. सरकारच्या दीक्षा ॲपवर असा धडा उतरवून नंतर नेटशिवाय बघता येतो. ज्याला आठवड्यातून एकदाच रेंज मिळते त्याच्यासाठी हे सगळं आहे. सात दिवसांची पडताळणी ठरवणाऱ्याच्या डोळ्यासमोर तो मुलगा आला असता तर त्याने निदान तीस दिवस ठेवले असते. चोरी थांबवायची आहे हे मी समजू शकते. मग माझं नाव आणि नंबर प्रत्येक व्हिडिओवर उमटवा, मी तक्रार करणार नाही.

आजची स्थिती: पाचपैकी तीन तारे. त्यातले दोन शनिवारच्या बाईंचे, एक त्या बटणाचा. घ्यायचं असेल तर वर्षाचं घेऊ नका, तीन महिन्यांचं घ्या. आणि पैसे भरण्याआधी ईमेलवर, फोनवर नव्हे, विचारा: उतरवलेला धडा नेटशिवाय किती दिवस चालेल, फोन बदलला तर किती तासांत खातं उघडून द्याल, मुदत संपल्यावर माझ्या नोंदी मला कागदावर छापता येतील का.

माझी मुदत डिसेंबरात संपते. गेल्या आठवड्यात लवकर नूतनीकरण केल्यास सवलत असा मेसेज आला. उत्तरादाखल हेच तीन प्रश्न पाठवले आहेत. तोवर रोज गाडीत थोड्या थोड्या नोंदी वहीत उतरवून घेते आहे. लिस्ट आणि डिक्शनरीपर्यंत आले आहे.