२४ फुटी शिडाच्या बोटीवर १०० वॉट सौरऊर्जा : आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

माझी शिडाची बोट २४ फूट लांब आणि जेमतेम साडेआठ फूट रुंद असून ती ऑक्टोबर ते मे मुंबई बंदरात बोयाला (तळाशी जखडलेल्या तरंगत्या पिंपाला) बांधलेली असते. किनाऱ्यावरून वीज घेण्याची तेथे सोय नाही. मागचे ६ अश्वशक्तीचे इंजिन बॅटरीला थोडाफार प्रवाह देते, परंतु बोयावरून सुटताना आणि परतताना मिळून अर्धा-पाऊण तासच ते चालत असल्याने त्या विजेवर फोनसुद्धा धड चार्ज होत नाही. म्हणून गेल्या ऑक्टोबरात मी बोटीवर सौर पॅनेल बसवले. मेअखेरीस बोट पावसाळ्यासाठी किनाऱ्यावर ओढली, तोपर्यंतच्या वापरावर हा अनुभव आधारलेला आहे.

आधी विजेच्या खर्चाचा हिशेब सांगतो, कारण तो न मांडता पॅनेल विकत घेण्याची चूक मी एकदा केलेली आहे. नांगरलेल्या बोटीवर सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत पांढरा दिवा तेवत ठेवावा लागतो. माझा जुना १० वॉटचा दिवा रात्रभरात १० अँपिअर-तास (बॅटरीतली वीज मोजायचे एकक) खात असे, तर २ वॉटचा एलईडी दिवा तेच काम २ अँपिअर-तासांत करतो. इतर बोटींशी व किनाऱ्याशी बोलायचा व्हीएचएफ रेडिओ, जीपीएस, केबिनमधले दिवे, दोन फोन आणि तळातले पाणी उपसणारा छोटा पंप धरून दिवसभराच्या सफरीचा खर्च साधारण २० अँपिअर-तास होतो. दिवा बदलला नसता तर हाच आकडा २८ झाला असता आणि त्यासाठी लागणारे जास्तीचे पॅनेल ठेवायला बोटीवर जागा नव्हती.

जागेचा प्रश्न सर्वांत अवघड ठरला. गेल्या ऑक्टोबराच्या आधी केलेल्या पहिल्या प्रयत्नात मी १०० वॉटचे एक लवचीक पॅनेल केबिनच्या छपरावर दुहेरी चिकटपट्टीने बसवले होते. ते दिसायला सुबक होते, वजनाला हलके होते आणि वाऱ्याला अडत नव्हते. मात्र त्याच्या खालून हवा खेळत नसल्यामुळे ते भयंकर तापे, शीड गुंडाळताना त्यावर पाय पडे, आणि डोलकाठी व बूम (शिडाची खालची कड धरणारी आडवी काठी) यांची सावली दिवसातला बराच वेळ त्यावरच असे. चौथ्या महिन्यात त्याच्या एका कोपऱ्यात तपकिरी डाग आणि त्यावर फोड दिसू लागला. विक्रेत्याने समुद्रावरील वापर हमीत बसत नाही असे सांगून हात झटकले. हमीपत्र आधी नीट वाचले नाही, हा दोष माझा.

आता बोटीच्या मागच्या टोकाच्या स्टीलच्या कठड्यावर, इंजिनाच्या दोन्ही बाजूंना, ५० वॉटची दोन काचेची पॅनेल आडवी बसवलेली आहेत. प्रत्येकाचा आकार सुमारे ६७ बाय ५४ सेंटिमीटर आहे. यापेक्षा मोठे एकच पॅनेल मागे मावले असते, पण मग इंजिन वर उचलता आले नसते आणि पाण्यातून बोटीवर चढायची शिडीही बंद झाली असती. पॅनेलला सूर्याकडे कल देणारी चौकट घ्यावी असे मला बऱ्याच जणांनी सुचवले होते. घराच्या गच्चीवर तो सल्ला योग्य आहे, परंतु बंदरातली बोट भरती-ओहोटीबरोबर दर सहा तासांनी तोंड फिरवते, त्यामुळे सकाळी दक्षिणेकडे कललेले पॅनेल दुपारी उत्तरेकडे कललेले असते. आडवे पॅनेल हिवाळ्यात थोडी वीज गमावते खरे, पण बोट कशीही फिरली तरी त्याला फरक पडत नाही.

फरक पडतो तो सावलीचा. एका डिसेंबरच्या दुपारी मी कॉकपिटमध्ये (मागच्या बाजूच्या उघड्या बैठकीत) बसून फोनवर चार्ज कंट्रोलरचे, म्हणजे पॅनेलकडून बॅटरीत जाणारी वीज सांभाळणाऱ्या उपकरणाचे, आकडे पाहत होतो. प्रवाह १.९ अँपिअर होता आणि डाव्या पॅनेलवर बूमची हाताएवढी रुंद सावली तिरपी पडली होती. बूम हाताने फूटभर उजवीकडे ओढून धरली, तर दोन-तीन सेकंदांत आकडा ३.८ वर गेला. सोडली, की पुन्हा खाली आला. पॅनेलमधील घरे (सेल) एकामागोमाग एक जोडलेली असल्याने चार-पाच घरे झाकली गेली तरी साऱ्या पॅनेलचा प्रवाह कोसळतो. दोन पॅनेल समांतर जोडलेली असल्यामुळे दुसऱ्याचे काम मात्र चालू राहते, आणि मोठ्या एकाऐवजी लहान दोन घेण्याचा खरा फायदा मला त्या दिवशी कळला. तेव्हापासून बोट बोयावर सोडताना बूम एका बाजूला ओढून दोरीने बांधून ठेवण्याचा नेम केला आहे.

त्या हिवाळ्यात रोजच्या नोंदींत मला एक गंमत आढळली. आकाश सारखेच स्वच्छ असताना काही दिवस २४ अँपिअर-तास मिळत, तर काही दिवस १८ वर अडत. कारण पंचांगात होते. मुंबईत अमावास्या-पौर्णिमेला भरती साधारण दुपारी बाराच्या सुमारास पूर्ण होते आणि दुपारभर ओहोटी असते. तेव्हा बोटीचे नाक बंदराच्या आतल्या बाजूला व पॅनेल नैर्ऋत्येकडे, म्हणजे थेट उन्हात असतात. अष्टमीच्या आसपास दुपारी पाणी चढत असते, बोट समुद्राकडे तोंड करते आणि डोलकाठी व बूम यांची सावली मागे पॅनेलवर लांबते. वारा जोराचा असेल तर हा नियम मोडतो, पण शांत दिवसांत तो चांगलाच लागू पडला. मेच्या मध्यावर मुंबईत सूर्य दुपारी डोक्यावर येतो तेव्हा ही भानगड उरत नाही, कारण बूमची सावली बूमखालीच राहते.

उन्हाळ्यात दिवसाला २९-३० अँपिअर-तास मिळाले. ऊन जितके वाढले तितकी वीज वाढली नाही, कारण तापलेले पॅनेल कमी वीज देते. दर अंशामागे साधारण ०.४ टक्का घट धरली, तर २५ अंशांऐवजी ६५ अंशांना तापलेले पॅनेल सहाव्या हिश्शाएवढी वीज गमावते. खालून वारा लागत असल्यामुळे ही पॅनेल निदान लवचीक पॅनेलइतकी तापत नाहीत.

कंट्रोलर व्हिक्ट्रॉन कंपनीचा, ७५/१० या मॉडेलचा आहे. एवढ्याशा व्यवस्थेला एमपीपीटी (पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढणाऱ्या) प्रकारचा कंट्रोलर महाग पडतो हे मान्य, तरी ३० दिवसांची नोंद फोनवर दिसत नसती तर भरतीचा वरील प्रकार माझ्या लक्षातच आला नसता.

आठ महिन्यांतला एकमेव खरा बिघाड वायरिंगमध्ये झाला. फेब्रुवारीत उजव्या पॅनेलचा प्रवाह हळूहळू शून्यावर आला. जोडणी उघडली तर आतली तांब्याची तार पितळी भांड्यातल्या ताकासारखी कळकून हिरवी झाली होती. मी मुख्य वायर कल्हई केलेल्या तांब्याची घेतली होती, पण पॅनेलपासूनचा हातभर तुकडा साधा राहिला होता आणि खाऱ्या हवेने तोच शोधून काढला. आता सगळी वायर कल्हईची, ४ चौरस मिलिमीटर जाडीची आहे. जाऊन-येऊन ८ मीटर लांबीत तिच्यात ०.२ व्होल्टच पडतात. वायर डेकमधून आत नेताना भोक आधी मोठे पाडून इपॉक्सीने भरले आणि त्यातून पुन्हा लहान भोक पाडले, म्हणजे गळती झालीच तरी डेकच्या आतले लाकूड भिजणार नाही. पॅनेलची चौकट ॲल्युमिनियमची आणि कठडा स्टीलचा असल्याने दोहोंमध्ये नायलॉनचे वॉशर घातले आहेत. जिथे एक घालायचे विसरलो, तिथे चार महिन्यांत पांढरी भुकटी जमली.

राहिले पक्षी. हिवाळ्यात कुरव आणि बारा महिने कावळे. सुरुवातीला मी दर आठवड्याला गोड्या पाण्याने मीठ आणि विष्ठा धुऊन काढत असे. बोटींवर लक्ष ठेवणारे काका एकदा म्हणाले, “साहेब, काच पुसत बसू नका, कावळ्याला बसायला जागाच ठेवू नका.” त्यांनीच पॅनेलच्या वर वीतभर उंचीवर गळाच्या नायलॉन दोरीचे तीन पदर ताणून दिले. कुरव तेव्हापासून बसत नाहीत. एक कावळा अजून दोरीवर तोल सावरत बसतो.

बॅटरी ६० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेटची आहे आणि तिचे वजन जुन्या शिशाच्या बॅटरीच्या निम्म्याहून कमी आहे. मार्चमध्ये तीन दिवस मुरूडपर्यंत जाऊन आलो, तेव्हा ती एकदाही निम्म्याखाली गेली नाही. मात्र सुकाणू सांभाळणारा ऑटोपायलट रात्रंदिवस चालवायचा असेल तर ही व्यवस्था अपुरी पडेल, आणि तिसरे पॅनेल बसवण्याजोगी सावली नसलेली जागा मला बोटीवर सापडलेली नाही.

सगळ्याला मिळून ४२ हजार रुपयांच्या आसपास खर्च आला. आधीच्या लवचीक पॅनेलचे पैसे त्यात धरलेले नाहीत. पावसाळ्यासाठी बोट झाकताना आधी पॅनेलच्या वायरी सोडवल्या आणि मग बॅटरी, कारण उलट क्रमाने केल्यास कंट्रोलर बिघडू शकतो. बॅटरी ६० टक्क्यांवर आणून घरी पलंगाखाली ठेवली आहे. पॅनेल चार-चार बोल्ट काढताच सुटली, आणि ते आठ बोल्ट नायलॉनच्या वॉशरांसकट, या खेपेला मोजून, बिस्किटांच्या डब्यात ठेवले आहेत.