शिंग गेंड्याचं आणि शिंग गवळाऊ बैलाचं

नागपूरकडे शिंग म्हटलं की डोळ्यांपुढे गवळाऊ बैल येतो. त्याच्या शिंगात कवटीचंच हाड असतं, वरून केराटिनचं, म्हणजे नखं-केस ज्याचे बनतात त्या पदार्थाचं कवच. मेलेल्या बैलाचं कवच निघतं ते पोकळ, म्हणून त्याचं रणशिंग होतं. गेंड्याच्या शिंगात हाड नाहीच. नाकाच्या खडबडीत हाडावरच्या कातडीतून केराटिनच्या बारीक नळ्या एकमेकींना चिकटून वाढतात. बुडाशी ते झिजलेल्या ब्रशासारखं विस्कटलेलं दिसतं. मधला भाग कॅल्शियम आणि मेलॅनिन या रंगद्रव्यामुळे टणक, कडा मऊ. त्या आधी झिजतात, म्हणून टोक येतं.

खरा फरक मोडल्यावर कळतो. गेंड्याचं शिंग उपटलं तर रक्त येतं, पण खालची कातडी शाबूत असेल तर ते पुन्हा वाढतं. बैलाचं हाड मोडलं तर सायनस, म्हणजे कवटीतली हवेची पोकळी, उघडा पडतो, पू होतो, अळ्या पडतात आणि शिंग परत येत नाही.

बैलाला शिंगाचा कर्करोगही होतो, बहुधा एकाच बाजूला. डोकं त्या बाजूला कलतं, त्याच नाकपुडीतून रक्त येतं, शिंग बुडाशी ढिलं होतं. नुसतं रक्त दिसलं तरी लगेच डॉक्टरला दाखवा. शिंग लोंबायला लागेपर्यंत थांबलात तर गाठ सायनसमध्ये पसरलेली असते.